स्वतःला दहापैकी किती देशील?

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण. बोललं तसंच ठेवलं आहे, जागेपुरतं थोडं आवरलं आहे.)

 कॉलेजातल्या पोरी ऐकत असतील तर आजचं बोलणं त्यांच्याच कामाचं आहे.

गेल्या महिन्यात औसा तालुक्यातल्या एका गावी बचत गटाच्या बैठकीला गेले होते. बैठक उठली, सतरंजी झटकून झाली, तरी एक बाई दाराशी थांबलेली. म्हणाली, "ताई, लेक लातूरला कॉम्प्युटरचं शिकते. शेवटचं वर्ष आहे. कंपनीवाले आले होते मुलाखतीला. सगळं नीट चाललं होतं म्हणे. मग त्यांनी विचारलं, जावा या भाषेत तू स्वतःला दहापैकी किती मार्क देशील? हिला काहीच सुचंना. घाबरून 'दोन' म्हणाली. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या पोराला बोलावलं. तुम्हीच सांगा, स्वतःचे मार्क स्वतः कोणी देतं का?"

तिच्या घरी पुढचंही ठरलेलं होतं. या वर्षी नोकरी लागली तर ठीक, नाहीतर दिवाळीनंतर स्थळं बघायची. म्हणजे त्या 'दोन'वर किती गोष्टी टांगलेल्या होत्या ते बघा.

मी कॉम्प्युटर शिकवते, त्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही. नांदेडला विष्णुपुरीत श्री गुरु गोबिंद सिंघजींच्या नावाचं इंजिनिअरिंग कॉलेज १९८१ पासून आहे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ साली झालं, आणि नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली या चार जिल्ह्यांतली कॉलेजं त्याच्याकडे आली. आता तालुक्याच्या गावीही बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटर शिकता येतं. या सगळ्या मुलींना पुण्याच्या किंवा हैदराबादच्या मुलाखतीत कधी ना कधी कोणीतरी विचारतंच, दहापैकी किती? अभ्यासक्रमात मात्र या प्रश्नाचं उत्तर कुठेच शिकवत नाहीत.

आधी ही 'भाषा' काय ते सांगते. कॉम्प्युटरला काम सांगायचं तर ते ठरलेल्या शब्दांत आणि ठरलेल्या क्रमानं लिहून द्यावं लागतं. त्या लिहिण्याच्या रीतीला प्रोग्रामिंगची भाषा म्हणतात. मराठी, तेलुगू, कन्नड तशा या सी, जावा, पायथन. सी ही १९७२ च्या सुमाराची, अमेरिकेत डेनिस रिची यांनी केलेली. पायथन १९९१ ची, जावा १९९५ ची. म्हणजे आपल्या पोरी ज्या भाषांचा अभ्यास करतात त्या त्यांच्यापेक्षा वयानं मोठ्या आहेत. मराठी बोलताना चूक झाली तर समोरचा समजून घेतो. कॉम्प्युटर समजून घेत नाही. एक टिंब चुकलं तरी अडतो.

आता तो प्रश्न विचारतात कशाला? मुलीला वाटतं, आपण गर्विष्ठ आहोत की नम्र हे बघतात. तसं नसतं. विचारणाऱ्याकडे वीस मिनिटं असतात. तुम्ही आकडा सांगितला की त्या आकड्याला शोभतील असे प्रश्न तो काढतो. नऊ म्हटलं तर अवघड प्रश्न येतात. सहा म्हटलं तर रोजच्या कामातले. दोन म्हटलं तर त्याला वाटतं, एवढंच येतं तर बायोडाटात लिहिलं कशाला, आणि तो प्रश्नच विचारत नाही. तुमचा आकडा म्हणजे एक कबुली असते की इथपर्यंत विचारा, मी उत्तर देईन.

मला हे कळायला दोन मुलाखती वाया घालवाव्या लागल्या. पहिली पुण्यात. सी भाषेत परीक्षेला ७८ मार्क होते, म्हणून मी ठसक्यात 'नऊ' सांगितलं. त्यांनी पॉइंटरवर तीन प्रश्न विचारले. पॉइंटर म्हणजे काय ते आज मी मुलींना असं सांगते: साखरेचा डबा वेगळा आणि 'साखर वरच्या फळीवर डावीकडून तिसऱ्या डब्यात आहे' ही चिठ्ठी वेगळी. पॉइंटर ही चिठ्ठी आहे. चिठ्ठी फाडली म्हणून साखर सांडत नाही, आणि डबा हलवला तर चिठ्ठी खोटी पडते. त्या दिवशी मला एवढंही सांगता आलं नाही. पाठ केलेली व्याख्या म्हटली आणि गप्प बसले. दुसऱ्या मुलाखतीला त्याच भीतीनं 'तीन' सांगितलं. तिथे तर मला खरोखर येत होतं ते कोणी विचारलंच नाही. परतीच्या एसटीत रात्रभर तोच विचार, की मला येतं तरी किती?

बायांनो, आपल्याला हे काम येत नाही असं नाही. तुमच्या गटाची बँकेनं प्रतवारी केली होती, आठवतं? नाबार्डनं १९९२ साली ५०० गट बँकेला जोडायचा प्रयोग केला, तेव्हापासून ही रीत चालत आली आहे. गट सहा महिने चालला की बँकेचा माणूस येतो. तो असं विचारत नाही की, काय हो, तुमचा गट दहापैकी किती चांगला? तो वही मागतो. बैठका किती झाल्या, हजेरी किती, बचत दर महिन्याला आली का, आतल्या आत कर्ज दिलं का, परतफेड वेळेवर झाली का, हिशेब आजपर्यंतचा लिहिलेला आहे का. आपली पंचसूत्रीच ती. प्रत्येकाला मार्क, मग बेरीज. आकडा सगळ्यात शेवटी येतो आणि त्याच्या मागे वही असते. लेकीच्या आकड्यामागे अशी वही नव्हती, एवढीच तिची चूक.

स्वयंपाकघरातही आपण असंच बोलतो. ज्वारीची भाकरी दहापैकी किती येते, असं कोणी सासू विचारत नाही. विचारलंच तर सून म्हणेल, "येते, पण मोठी थापली की कडेला चिरते." या एका वाक्यात सगळं आलं. काय जमतं, कुठे अडतं.

मनातल्या मनात दिलेला आकडा का चुकतो, यावर लोकांनी अभ्यासही केले आहेत. १९९९ साली अमेरिकेत डनिंग आणि क्रूगर या दोघांनी विद्यार्थ्यांना तर्काचे, व्याकरणाचे प्रश्न घातले आणि विचारलं, शंभर जणांत तुम्ही कितवे असाल? जे सगळ्यात मागे होते, शंभरात बाराव्या पायरीच्या आसपास, त्यांना वाटत होतं आपण बासष्टाव्या पायरीवर आहोत. ज्याला कमी येतं त्याला आपलं काय चुकतंय हेही दिसत नाही. माझा 'नऊ' त्यातलाच होता.

दुसरा अभ्यास आपल्या जास्त जवळचा आहे. क्रिस्टीन एक्सली आणि जड केसलर या दोघांनी बायका-पुरुषांना गणित-विज्ञानाचे सारखेच प्रश्न दिले. दोघांचे गुण जवळपास सारखे आले. मग विचारलं, 'मी चांगलं केलं' हे वाक्य तुमच्या बाबतीत शंभरपैकी किती खरं? पुरुषांनी सरासरी ६१ सांगितलं, बायकांनी ४६. इतकंच नाही, तुमची किती उत्तरं बरोबर आली हे दाखवल्यावरही बायकांनी स्वतःला कमीच दिलं. तिकडच्या शिकल्यासवरल्या बायकांचं हे. इकडे 'पोरीच्या जातीनं जास्त बोलू नये' हे आपण लहानपणापासून कानात घालतो, आणि मग एक दिवस अचानक म्हणतो, मुलाखतीत धीट बोल.

सर्टिफिकेटाचंही जरा बोलते, कारण तिथे आई-बाप फसतात. एमएस-सीआयटी २००१ पासून आहे. आपल्याकडे घराघरात ते सर्टिफिकेट भिंतीवर लावलेलं दिसतं. चांगला कोर्स आहे. पण त्यात कॉम्प्युटर वापरायला शिकवतात, प्रोग्राम लिहायला नाही. शिलाई मशीन पुसून, तेल घालून चालवता येणं वेगळं आणि मापं घेऊन ब्लाउज बेतणं वेगळं. आयटीआयच्या 'कोपा' ट्रेडमध्ये प्रोग्रामिंगची ओळख होते, पण ओळखच. आणि विद्यापीठाच्या परीक्षेत ७८ मिळाले म्हणजे ते सात-आठ झाले असंही नाही. परीक्षा विचारते, लूप म्हणजे काय ते लिहा. मुलाखतवाला म्हणतो, लूप लिहून दाखवा.

माणसांच्या भाषांसाठी युरोपात एक बरी सोय आहे. जर्मनी शिकणाऱ्या नर्स मुली सांगतात ना, माझी ए-वन झाली, बी-वन झाली? तिथे प्रत्येक पायरीला 'मी हे करू शकते' अशी वाक्यं लावलेली आहेत. स्वतःची ओळख करून देऊ शकते, डॉक्टरकडे दुखणं सांगू शकते, असं. २००१ सालापासून ती छापील आहेत. जावा-पायथनसाठी सगळ्या कंपन्यांनी मानलेली अशी शिडी नाही. म्हणून एकाचा सहा तो दुसऱ्याचा आठ होतो. पण आपली शिडी आपण करू शकतो, आणि ती मुलाखतीत सांगूही शकतो.

मी मुलींना जी सांगते ती अशी. पुस्तकात बघून प्रोग्राम टाइप केला आणि तो चालला, तर एक-दोन. पुस्तक मिटून, कोऱ्या कागदावर, साधं काम स्वतः लिहिता आलं, जसं की बारा आकड्यांची बेरीज करा, सगळ्यात मोठा शोधा, तर तीन-चार. मुलींनो, इथे घाई करू नका. शेवटच्या वर्षाला असलेल्या कितीतरी जणी खरं म्हणजे इथेच असतात आणि त्यात लाज नाही. पाच-सहाला मात्र मोठी उडी आहे. तिथे एक सबंध काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत तुमचं असतं, माहिती साठवून ठेवायची, उद्या उघडली तर ती तशीच दिसली पाहिजे. आणि मुख्य म्हणजे एरर आली तर शेजारणीला न विचारता स्वतः शोधता आली पाहिजे. मी तर म्हणेन पाच आणि चार यांच्यातला फरक एवढाच, चूक कोण शोधतं. सात म्हणजे तुमचं काम दुसरं कोणी रोज वापरतंय आणि दुसऱ्यानं लिहिलेलं तुम्ही वाचून दुरुस्त करू शकता. आठ म्हणजे ती भाषा आतून कशी चालते हे माहीत असणं, तेही वर्षानुवर्षं तिच्यात काम केल्यावर. नऊ-दहाच्या वाटेला जाऊच नका. तो आकडा ऐकला की समोरच्याला परीक्षा घ्यायची खुमखुमी येते.

एक खोच आहे. आकडा एकदा मिळाला म्हणजे कायमचा नाही. भाषा बदलतात. पायथनचा तिसरा अवतार २००८ साली आला आणि त्यात साधं पडद्यावर अक्षर छापायची रीतसुद्धा बदलली. जुना दुसरा अवतार १ जानेवारी २०२० पासून बंदच झाला. दोन वर्षं हात लावला नसेल तर आपला आकडा एखाद-दोन घरं खाली धरावा. विणकाम सोडलेल्या बाईला टाके आठवतात, पण हात चालत नाही, तसं.

आता औशाकडच्या त्या लेकीचं सांगते. तिची आई गटाची सचिव. मी म्हटलं, रविवारी दोघी माझ्याकडे या, आणि येताना गटाची वही आणा. आई म्हणाली, "वही कशाला? मला काय कळतंय त्यातलं?" म्हटलं, परीक्षा तुम्हीच घ्यायची आहे.

गट बारा जणींचा. दर महिन्याला प्रत्येकीचे २०० रुपये, म्हणजे २,४०० ची बचत. आतल्या कर्जाला शेकडा दोन रुपये महिना व्याज. लेकीला म्हटलं, हा हिशेब पायथनमध्ये मांड, पुस्तक मिटून. दोन तासांत तिनं मांडला. मग आईनं वहीतलं एक कर्ज सांगितलं: ५,००० घेतले, दर महिन्याला ५०० मुद्दल फेडलं. लेकीच्या प्रोग्रामनं पहिल्या महिन्याचं व्याज १०० दाखवलं. बरोबर. दुसऱ्या महिन्याचंही १०० दाखवलं. आई लगेच म्हणाली, "चूक आहे. पाचशे दिले की तिनं. आता साडेचार हजारावर नव्वदच होतात." लेक लॅपटॉपकडे बघते, वहीकडे बघते. तिनं व्याज उरलेल्या रकमेवर न काढता मूळ रकमेवरच काढलं होतं. दहा महिन्यांत त्या बाईला ५५० ऐवजी १,००० रुपये व्याज पडलं असतं. ४५० रुपये जास्त!

चूक सापडायला अर्धा तास लागला, पण तिची तिनं शोधली. मग आईला जोर आला. एक बाई बैठकीला आलीच नाही आणि पुढच्या महिन्यात ४०० दिले, ते कुठे मांडणार? एकीनं दोनशेऐवजी दीडशे दिले तर? आणि गटात एकाच नावाच्या दोघी आहेत, आडनावही एक, जावा-जावाच त्या. (जावा भाषेचा आणि या जावांचा संबंध नाही, पण आम्ही तिघी पोट धरून हसलो.) प्रोग्रामनं दोघींची बचत एकीच्याच खात्यावर टाकली होती. शेवटी प्रत्येक सभासदाला वेगळा नंबर दिला तेव्हा जमलं. कॉलेजात जे वर्षभर 'प्रायमरी की' म्हणून पाठ केलं होतं, ते त्या दोन जावांनी एका दुपारी शिकवलं.

संध्याकाळी आईला विचारलं, किती मार्क देता? म्हणाली, "हिशेब केला, चूक झाली, दुरुस्त केली. पण मी नसते तर चूक दिसली नसती. पाच द्या." मी सुद्धा पाचच दिले असते.

तेव्हा ज्यांच्या घरात कॉम्प्युटर शिकणारी पोर आहे त्यांनी हे करून बघा. तुम्हाला कोड वाचता यायची गरज नाही. तुम्हाला उत्तर माहीत आहे. दुधाचं खातं असेल, पिठाच्या गिरणीची उधारी असेल, शेतातल्या रोजंदारीचा हिशेब असेल. ज्या हिशेबात तुम्ही मुरलेल्या आहात तो तिला द्या आणि वाकडे प्रश्न विचारा. ज्यांच्याकडे लॅपटॉप नाही त्यांनी कागदावर लिहायला लावा. कितीतरी मुलाखतींत कागदावरच लिहायला देतात, त्यामुळे तोटा काहीच नाही.

मुलाखतीत बोलायचं कसं, ते आता. नुसता आकडा सांगून थांबायचं नाही. आकडा, मग केलेलं काम, मग जिथे अडतं ते. मराठीत सांगते, इंग्रजी तुम्ही करा: "पायथनमध्ये मी स्वतःला पाच देईन. माझ्या आईच्या बचत गटाचा हिशेब ठेवणारा प्रोग्राम मी स्वतः लिहिला आहे, कमी होत जाणाऱ्या रकमेवरचं व्याज त्यात निघतं. इंटरनेटवर चालणारं काम अजून केलेलं नाही, ते शिकते आहे." तीन वाक्यं झाली. आता समोरचा काय विचारणार? बहुतेक तुमच्या गटाबद्दलच विचारणार, आणि तिथे तुमच्याइतकं त्याला माहीत नाही. बायोडाटात सात भाषांची माळ लावू नका. तिथे लिहिलेल्या प्रत्येक नावाचा आकडा कोणीही विचारू शकतं, एवढं धरून चाला. दोन लिहा, पण त्यांच्या मागे वही असू द्या. प्रश्न आलाच नाही तर "हे मला माहीत नाही, पण असं असं शोधेन" म्हणायला घाबरू नका. उगाच फेकलेलं उत्तर पुढच्या प्रश्नात उघडं पडतं.

आणि आयांनो, मुलाखतीहून पोर घरी आली की 'लागली का' हे पहिलं विचारू नका. 'काय विचारलं' हे विचारा. तिनं सांगितलेले प्रश्न त्याच रात्री वहीत लिहून ठेवायला लावा. तीन मुलाखतींनंतर त्या वहीत बघितलं की कळतं, आपण सांगितलेल्या आकड्याला कुठले प्रश्न येतात आणि त्यातले किती आपल्याला आले. दहापैकी सहा-सात आले तर आकडा बरोबर बसलाय. सगळेच आले तर एक घर वर सरका. तीन-चारच आले तर खाली.

ती लेक परवा नांदेडला दुसऱ्या मुलाखतीला जाऊन आली. पायथनला पाच सांगितले, जावाला तीन, दोन्हींची कारणंही सांगितली. विचारणाऱ्या बाई होत्या, त्यांनी एकाच नावाच्या दोन सभासदांचं काय केलं हे दहा मिनिटं विचारलं म्हणे. निकालाचा मेल अजून यायचा आहे. वही मात्र आईनं परत मागितली आहे, गुरुवारी गटाची बैठक आहे.